बुडाची धग आणि एक उणे चिन्ह

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. नामनिश्चिती अधिकारी,
हिमस्तर मापन शब्दावली कक्ष, बेळगाव.

विषय : बर्फाच्या थराखाली मोजलेल्या उष्णतेच्या प्रमाण नावातून गाळलेला 'बूड' हा शब्द परत घेणे व त्यामुळे घुसलेले उणे चिन्ह काढणेबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाची अंतिम यादी, मसुदा क्र. ७.

महोदय,

मी आपल्याच कक्षात नोंद-सहायक आहे. ध्रुवाकडच्या मैल-दोन मैल जाड बर्फाखाली पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर येते व ती ठिकठिकाणी मोजली जाते. या एकाच गोष्टीला निरनिराळ्या अहवालांत तेवीस नावे असल्याने संगणकाला त्या तेवीस गोष्टी वाटतात. चार वर्षे खपून मी अशा १,७४२ नोंदी एका नावाखाली आणल्या. ते नाव 'हिमस्तराच्या बुडाची उष्णता'.

दि. १७ जुलैच्या बैठकीत 'बूड' हा शब्द असभ्य ठरला. एका मा. सदस्यांनी खुर्चीवरून अर्धवट उठून आक्षेप नेमका कशावर आहे हेही दाखवले. वरिष्ठ लिपिक श्री. बसप्पा यांनी कन्नडमध्येही 'बुड' म्हणजे तळच, असा खुलासा केला. आपल्या भागात पाटीवरच्या एका अक्षरावरून काय होते हे आपण जाणता. येथे तर दोन्ही भाषा एका शब्दावर एकमत झाल्या. हा प्रसंग मी तारखेसह वहीत लिहून ठेवला आहे. तरीही बूड गेले आणि त्या जागी 'खालची उष्णता' आली.

येथेच घात झाला. तांत्रिक विभागाने 'खालची' म्हणजे 'खाली जाणारी' असे धरले. खाली जाणाऱ्या प्रवाहास नियमाने उणे चिन्ह लागते, म्हणून माझ्या सगळ्या आकड्यांना ते लागले. आता आपल्या यादीप्रमाणे पृथ्वी बर्फाकडूनच ऊब ओढून घेते. गेल्या बुधवारी हे आकडे घालून केलेल्या संगणकावरच्या चाचणीत बर्फ तळाशी वितळण्याऐवजी जाड होत गेला. ध्रुव वाचल्याच्या आनंदात विभागात कुंदा, म्हणजे आपली बेळगावी मिठाई, वाटण्यात आला. मीही दोनदा घेतला, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

नंतर चूक दाखवली असता, नाव मंजूर आहे म्हणजे चिन्हही बरोबर आहे, असे उत्तर मिळाले. मी हे घरी हिंडलग्यात आईला, श्रीमती सोनुबाई यांना, सांगितले. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे : "भाकरीला धग बुडाकडनं लागती गं, एवढं कळाय समिती कशाला पायजे? त्यास्नी चुलीम्होरं बसव एक डाव."

महोदय, मला याचे हसू आवरत नाही आणि भीतीही तितकीच वाटते. शुक्रवारी यादी कायम होईल. मग समुद्र किती चढणार याचा अंदाज बांधणारे लोक हेच आकडे विश्वासाने उचलतील, आणि त्यांना कुंदा कोणी वाटणार नाही.

तरी 'बूड' परत घ्यावे. ते फारच असभ्य वाटत असल्यास दुसरे कोणतेही नाव द्यावे. संकलक म्हणून छापलेले माझे नाव गाळले तरी माझी हरकत नाही. उणे चिन्ह तेवढे गाळावे.

आपली नम्र, पण चिन्हाबाबत ठाम,
पारमिता देवाप्पा सनदी
हिंडलगा

सोबत :
१. मूळ नोंदींची प्रत.
२. बुडाकडून धग देऊन केलेली भाकरी, एक.
३. मसुदा क्र. ७ प्रमाणे केलेली भाकरी, एक (कच्ची आहे, खाऊ नये).