दाराखालची फट

जाऊबाई,

चुली वेगळ्या झाल्यापासून आपण जिन्यात समोरासमोर आलो तरी भिंतीकडे बघतो, म्हणून लिहितेय.

चिमणीला फ्लू झालाय. डॉक्टरांनी विचारलं, "हिच्या जवळ कोण कोण असतं?"

मी म्हटलं, "आम्ही दोघंच."

तर तापानं फणफणलेली कार्टी म्हणते, "आणि मोठी आई! मी रोज शाळेतून आधी वर जाते, तिच्या मांडीवर झोपते."

रोज! आणि मला पत्ताच नाही. मी भडकणार, तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "त्यांना काही आजार?"

"दमा आहे," मी लगेच सांगितलं. तुमचा रात्रीचा खोकला मला खाली ऐकू येतो हो.

डॉक्टर म्हणाले, "मग ताप यायची वाट बघू नका. फ्लू टाळायच्या कॅप्सूल त्यांनाही आजच सुरू करा."

चिठ्ठी आणि कॅप्सूल दाराखालून सरकवून पळणार होते. आत्ताच वर जाऊन बघून आले. कागद आत जातो, पण फुगीर कॅप्सूलची पट्टी अडकते.

तेव्हा चिठ्ठी राहू दे. दार वाजवते. भांडायचं असेल तर भांडा, पण आधी कॅप्सूल घ्या.

तुमची,
खालची