शनिवारी पाच ते सहा

दादा,

खट्!

देवासच्या भाड्याच्या घरातली गच्चीच्या दाराची लोखंडी कडी. मी बाहेर टेकडीकडे तोंड करून पुस्तकातली कविता मोठ्यानं म्हणतोय, आणि आतून तू कडी सरकवलीस. "आता म्हण तिथेच!" मी आठ वर्षांचा, तू तेरा. भूमितीत तुझं लक्ष लागत नव्हतं म्हणे. दिवेलागणीला आईनं दार उघडेपर्यंत मी तिथेच होतो. कविता मात्र पाठ झाली, अजून पाठ आहे.

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. अठ्ठ्याहत्तर वर्षं तुला अहो दादा, या दादा, बसा दादा केलं. आज एकेरीत लिहिणार आहे. काय करशील?

लिहायला बसलो त्याला कारण तुझा संजू. पुण्याहून फोन आला, "काका, रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध. देवासचे, इंदूरचे सगळे येतायत. जेवणाआधी बाबांवर चार शब्द वाचाल? तुमचं मराठी किती छान आहे! फक्त थोडं सोपं लिहा हं काका, मुलांना जड मराठी समझत नाही." मी हो म्हणालो. त्याला वाटलं काका गहिवरले. चार शब्द! माझ्याकडे चारशे आहेत रे, आणि त्यातला एकही गोड नाही.

तुझं सहस्रचंद्रदर्शन आठवतं? कसं विसरशील! त्यावरूनच तर सगळं झालं. एक्याऐंशी दिव्यांची आरास, तू रेशमी उपरणं घेऊन पाटावर, शेजारी वहिनी औक्षणाचं ताट धरून. कोणीतरी म्हणालं, धाकट्या भावानं काहीतरी म्हणावं. मी उठलो आणि आदल्या दुपारी रचलेलं म्हटलं:

हजार चंद्र उगवून गेले
दादांच्या या दारावरून;
प्रत्येकाला विचारले, "का हो,
आलात कोणाला विचारून?"

काय हसले लोक! इंदूरचे व्याही तर ठसका लागेपर्यंत हसले. कारण खरंच होतं ते. घरात माशी शिरली तरी तू तिला विचारलं असतंस, कोणाला विचारून आलीस म्हणून. तूही हसलास. मान हलवून "वा, वा" म्हणालास. वहिनी तेवढी ताट धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं, जिंकलो. गच्चीवरच्या त्या संध्याकाळची फेड झाली.

तू मनात काय धरलंस, ते कळायला मला दोन वर्षं लागली!

आमचा शनिवारचा कवितेचा तास तुला माहीत होता. देवासच्या शाळेतले आम्ही चौघे उरलेले. वसंता देवासलाच, मालती इंदूरला, एक जण नागपूरला आणि मी इथे धारला, तुझ्या खालच्या मजल्यावर. बरोबर पाच वाजता टॅबवर चौघांचे चेहरे यायचे आणि सहापर्यंत आम्ही परत पाचवी 'ब' मध्ये बसायचो. आठवडाभर मी त्या एका तासासाठी दाढी करत असे, दादा. बाकीचे सहा दिवस कोणासाठी करायची?

सहस्रचंद्रदर्शनानंतरच्या पहिल्याच शनिवारी पाचच्या ठोक्याला टॅब गप्प. वायफायची खूण दिसते, पण खाली लिहिलेलं, 'जोडलेले, इंटरनेट नाही'. पडद्यावर ते गोल फिरत राहिलं. जोडलेले, तरीही काही नाही! आपल्या दोघांवर याहून नेमकं कोणी लिहिलं असेल का?

मी काय काय केलं नाही! हेल्पलाइनवरची बाई म्हणाली, "सर, राउटर बंद करके तीस तक गिनिए." वर येऊन तुझ्यासमोर तीस मोजले. टॅबला आपलं वायफाय विसरायला लावलं, पासवर्ड घालून पुन्हा ओळख करून दिली. कोणी म्हणालं लोखंडी कपाट आड येतं, तर कपाट सरकवलं आणि कंबर धरली. कोणी म्हणालं फ्रीज. कोणी म्हणालं टॅबमधली तारीख चुकली असेल. सगळं वहीत लिहून ठेवत गेलो, शाळेत संदर्भासह स्पष्टीकरण लिहायचो तसं. तुला एकदा विचारलंसुद्धा. पेपरातून मान वर न करता म्हणालास, "शनिवारी लोड असतो."

लोड! आणि सहा वाजले की सगळं सुरळीत.

कधी शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, त्यांच्या वायफायवर. तिथे चालायचं. पण परक्याच्या दारात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, कविता कशी म्हणायची? हळूहळू माझे शनिवार गळायला लागले.

आता वसंताचं सांगतो. हे तू नीट ऐक.

लहानपणी तुझ्या पतंगाची फिरकी धरणारा वसंता. त्याची छाती खराब झाली होती, बोलताना धाप लागायची. त्यानं मालतीला आधी कळवलं, येत्या शनिवारी आमची पाचवीची नदीची कविता म्हणायची. ती आम्ही दोघे म्हणायचो, एक ओळ त्याची, एक ओळ माझी. मी चार वाजल्यापासून टॅब मांडून बसलो. पाचला गोल फिरायला लागलं. मी वर धावलो, राउटरचा डबा बंद केला, चालू केला, खाली आलो, परत वर गेलो. या वयात चार वेळा जिना! तू आरामखुर्चीत डोळे मिटून होतास. साडेपाचला शेजारी गेलो तर त्यांच्या घराला कुलूप.

रात्री मालतीचा फोन आला. म्हणाली, "अरे, त्यानं आपली ओळ म्हटली आणि थांबला. आम्हाला वाटलं दम लागला. मग कळलं, तुझ्या ओळीसाठी थांबलाय. मी म्हटली तुझी ओळ, तर हातानं नको म्हणाला. त्याची आहे ती, म्हणाला. प्रत्येक ओळीनंतर थांबला रे तो, शेवटपर्यंत."

मी ठरवलं, पुढच्या आठवड्यात बसनं देवासला जायचंच. बुधवारी तो गेला.

दादा, तू त्याच्यासाठी हळहळलास. "भला माणूस होता," असं म्हणालास! त्या वेळी मी तुझ्या पाया पडलो होतो, आठवतं? मला वाटलं, चला, दादांनाही वाईट वाटलं.

त्यानंतर तास बंदच पडला. मग गेल्या वर्षी तू गेलास. मी दहा दिवस सुतक पाळलं, रडलोसुद्धा. ते अश्रू मला परत हवे आहेत.

कारण गेल्या महिन्यात मालतीनं तास परत सुरू करायचं ठरवलं. शनिवार, पाच वाजता. मी टॅब मांडला, आणि गोल फिरायला लागलं! तू जाऊन अकरा महिने झाले होते.

तेव्हा प्रथमच डोकं चाललं. स्वयंपाकाच्या बाईचा फोन आपल्याच वायफायवर, त्याच जागी, त्याच वेळी लावून पाहिला. चालला! म्हणजे लाइन ठीक. माझा टॅब शेजारी चालतो, म्हणजे टॅबही ठीक. मग अडतंय कुठे? दोघांच्या मधे कोणीतरी उभं आहे.

लाइनमनला बोलावलं. तो बुधवारी आला आणि हसला. "बाऊजी, सिगनल तो फुल आ रिया हे. चल तो रिया हे!" मी म्हटलं, "भिया, शनिवार को पाँच बजे आओ." गेल्या शनिवारी बिचारा आला खरा. चहा पीत बसला. पाच वाजले, टॅब गप्प. त्यानं कप खाली ठेवला. "अरे! ये तो घड़ी देख के गया!"

त्यानं आपल्या फोनवर राउटरचं आतलं पान उघडलं. घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी आणि खाली एक नियम: शनिवार, पाच ते सहा, हे यंत्र बंद. यंत्र म्हणजे माझा टॅब. "पेरेंटल कंट्रोल लगा रखा हे किसी ने," तो म्हणाला, "बच्चों के लिए लगाते हें. घर में बच्चा कौन हे?" मी म्हटलं, "मैं." त्याला तो विनोद वाटला.

नियमाला नावही दिलेलं होतं, इंग्रजी अक्षरांत. 'भावजी'. माझं नाव घालायचाही धीर झाला नाही का रे? वहिनीचा शब्द उसना घेतलास! आणि टीव्हीच्या रिमोटवरचं बटण सापडत नाही म्हणून मला वरून हाका मारायचास, ते सगळं नाटक होतं तर. केवढा नट गमावला मध्य प्रदेशनं!

चार ओळींवर इतका राग? मला चार थोबाडीत मारायच्या होत्यास, मी खाल्ल्या असत्या. घरातून काढायचं होतंस. पण तू माझा तास घेतलास, त्यात वसंता होता. आणि मेल्यावरही घेत राहिलास! माणूस जळतो, त्याची रक्षा नेमावरला नर्मदेत सोडतो आपण, आणि त्याचा हुकूम वरच्या मजल्यावरच्या डब्यात हिरवा दिवा लावून बसलेला!

मी लाइनमनला नियम पुसू दिला नाही. कसं करायचं ते शिकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. तो गेल्यावर त्या नियमातून माझा टॅब काढला आणि यादीतलं दुसरं एक यंत्र आत घातलं. तुझा फोन. वहिनी तो अजून चार्ज करून उशाशी ठेवते. आता शनिवारी पाच ते सहा तू बाहेर. माझं बोट थरथरलं नाही, हे तुला कळावं म्हणून लिहितो. उलट असं काही सुख झालं, की पाचवीत पहिला आलो तेव्हाही झालं नव्हतं.

आज तो शनिवार. पावणेपाच झालेत.

मला माहीत आहे, मेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं. मग वसंता जिवंत असताना माझ्या ओळीसाठी थांबला, तेव्हा तू का नाही पाळलंस काही?

तर दादा, माझं वचन ऐक. येत्या रविवारी, पानं वाढण्याआधी, तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहून मी हे पत्र वाचणार आहे. पहिल्या 'खट्'पासून. संजूच्या मुलांना समजेल इतक्या सोप्या मराठीत, आणि नाही समजलं तर हिंदीत उलगडून. देवासचे ऐकतील, इंदूरचे ऐकतील, ठसका लागलेले व्याही ऐकतील. तुझ्या नावापुढे लोक कैलासवासी लावतात ना? त्याच्या आधी काय लावायचं, ते मी त्यांना सांगेन. एक शब्द गाळणार नाही.

तुझा,
पण आता धाकटा नव्हे,
यशवंत

ता. क.

सही केली, टॅब उघडला. मालतीचा चेहरा नुकता दिसू लागला होता, इतक्यात बेल वाजली.

दारात वहिनी. तुझं तेरावं झाल्यापासून गुडघ्यांमुळे जिना न उतरलेली वहिनी, एकटी, कठडा धरून, धापा टाकत. हातात तुझा फोन.

मी म्हटलं, "वहिनी! अहो, हाक मारायची, मी आलो असतो वर."

"पाचच्या ठोक्याला ह्यांच्या फोनचं नेट बंद पडलं, भावजी. तेव्हाच ओळखलं, तुम्हाला सापडलं म्हणून."

मी तिला आत घेतलं, खुर्ची पुढे ओढली.

"ह्यांना त्या डब्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लाइनी जोडल्या आणि तोडल्या, त्या मी. भरल्या मांडवात तुम्ही ह्यांचं हसं केलंत. हे विसरले दुसऱ्या दिवशी. मला नाही विसरता आलं." ती श्वास घ्यायला थांबली. "महिनाभरानं मी तो नियम काढणार होते. मग राहिलं. मग वसंतरावांचं कळलं, आणि त्या दिवसापासून त्या डब्याला हात लावलेला नाही."

आतून मालती विचारत होती, "कोण आलंय रे?"

वहिनीनं टेबलावरच्या या कागदांकडे पाहिलं.

"संजू म्हणाला, रविवारी तुम्ही वाचणार आहात. वाचा. सगळं वाचा. फक्त ह्यांचं नाव काढून तिथे माझं घाला."