लाल तेलाचा रविवार

आत्याबाई, परवा तुमच्या नातीनं दारात नवी गाडी आणून उभी केली आणि मला शेजारी बसवून समजावायला लागली, "आई, यात क्लच नसतो बरं का. गिअर आपोआप पडतात. घाबरू नकोस." मला हसू आवरेना. तिला वाटलं, मी घाबरूनच हसतेय. आता तिला काय सांगायचं? तुमच्या त्या होडीएवढ्या निळ्या गाडीच्या पोटाखाली मी एक अख्खी सकाळ काढलेली आहे, हे मी तिला लहानपणापासून सांगत आलेय. पण पोरांना वाटतं, आई वाढवून सांगते. तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होऊन गेली, पण तुम्ही तिथं होता. तुमच्यापुढं वाढवून सांगायची सोय नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी कुरुंदवाडहून लग्न होऊन तुमच्या घरी आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. आई आजारी असायची, त्यामुळं मी चुलीपुढं कमी आणि गिरणीत जास्त वाढले. पट्टा चढवणं, इंजिनाचं तेल बदलणं, नटबोल्ट आवळणं, सगळं मला येत होतं. पण सासरी ह्यातला एक शब्द काढायचा नाही, असं आईनं बजावून पाठवलं होतं. मग पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझी भाकरी उजेडाकडं धरलीत आणि म्हणालात, "ही भाकरी हाय का नकाशा? ह्यात कुरुंदवाड कुठं हाय ते तरी दाव." सगळं घर हसलं. मी रडले नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुम्ही ते बघितलंत. पुढचे बरेच दिवस आपण दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत होतो. तुमचा धाक वाटायचा. तुम्ही स्वयंपाकघरात आलात की तुमच्या काठीचा आवाज आधी यायचा आणि माझ्या हातातलं पीठ थंड पडायचं.

तुमचा डावा पाय लहानपणच्या तापात बारीक झालेला. घरात तुम्ही काठी आणि भिंत धरून फिरायचात, आणि शेत तर पंचगंगेच्या पलीकडं. मामंजींनी ती गाडी एका जुन्या सरदार घराण्याकडून घेतली, ती ह्याच कारणानं. अमेरिकेची गाडी, गिअर आपोआप बदलायचे, डाव्या पायाला कामच नाही. लोक म्हणाले, गुळाच्या अडत्याला संस्थानिकाची हौस आली.  मामंजींनी रोज पहाटे नदीकाठी नेऊन तुम्हाला चालवायला शिकवली. मी आले तेव्हा मामंजी नव्हते, पण तुम्ही मात्र रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन, काठी मागच्या सीटवर टाकून शेताकडं निघायचात. परत येताना डिकीत कधी ऊस, कधी मक्याची कणसं, एकदा तर चक्क शेळी. ती शेळी डिकीतून तोंड काढून पापाच्या तिकटीच्या चौकातल्या लोकांकडं बघत आली होती, ते मला अजून दिसतं.

मी आले त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गाडी बिघडायला लागली. चढ आला की इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याला एकदा तुम्हाला ती बैल जोडून आणावी लागली. तुम्ही मिस्त्रींना बोलावून घेतलंत. तीन पिढ्या घोड्यांचे टांगे आणि मग मोटारी दुरुस्त करणारं त्यांचं घराणं, गावात मान होता. त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी बघायची पट्टी ओढून काढली, वास घेतला आणि तुमच्यापुढं धरली.

तुम्ही ते तेल दोन बोटांत चोळून बघितलंत, काकवी बघता तसं. "करपलंय की हे."

"व्हय," मिस्त्री म्हणाले, "हे नवं असतंय तवा लाल असतंय, कुंकवासारखं. किती सालाचं हाय कुणाला म्हाईत. बदलाय पायजे. पर आक्का, मी हात घालत न्हाय."

"का बरं?"

"असली गिअरबॉक्स मी जन्मात खोलली न्हाय. आनि दुसरं असं की, जुन्या घाणीवर कशीबशी चालत असंल तर नव्या तेलावर जागच्या जागी बसायची. मग तुमी म्हनशिला, मिस्त्रीनं गाडी मारली."

माणूस सरळ होता. भीती खरी होती ती त्यांनी खरी सांगितली. तेल मुंबईत मिळेल, एवढंही सांगितलं. आमचे हे तेव्हा कामानिमित्त मुंबईला जाणार होते, त्यांनी ते डबे वळकटीत गुंडाळून आणले. पण तोवर थोरल्या भावजींनी दुसरीच तयारी केली होती. त्यांना गाडीच्या शेडच्या जागी खताचं गोदाम बांधायचं होतं. त्यांनी शेड उतरवली, अंगणात पायासाठी चर खणून घेतला, आणि इचलकरंजीकडच्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला रविवारी दुपारी यायला सांगितलं. भावजी वाईट नव्हते, तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणाले, "आई, शेताकडं जायला मी हाय की. तू आता बस निवांत."

त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं येऊन बसलात. भाकरीकडं बघितलंही नाहीत. बराच वेळ जाळ पुढं सारत राहिलात आणि मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "निवांत बस म्हनतोय. गाडी गेली की मी उंबऱ्यातच बसायची. हितनं दिसंल तेवढंच जग." तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि आईनं बजावलेलं सगळं विसरून म्हणाले, "आत्याबाई, मला पाना धरता येतो."

तुम्ही मान वर केलीत. मी गिरणीचं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि एवढंच म्हणालात, "मग सा म्हैनं मी तुज्याकडनं भाकरी कशापायी थापून घेतली?" आणि हसायला लागलात. मीही हसले. त्या घरातलं माझं ते पहिलं मोकळं हसणं.

रविवारी सकाळी भावजी रंकाळ्यावर फिरायला गेले आणि आपण सुरुवात केली. तेल गरम असलं की चांगलं उतरतं, म्हणून तुम्ही गाडी कोपऱ्यापर्यंत फिरवून आणलीत आणि बरोब्बर भावजींनी खणलेल्या चरावर आणून उभी केलीत, दोन चाकं अलीकडं, दोन पलीकडं. "थोरल्यानं आपल्यासाठीच खणलंय बग," तुम्ही म्हणालात. चाकांना दगड लावले. मी ह्यांचा जुना पायजमा आणि सदरा घालून चरात उतरले. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "सूनबाई खड्ड्यात काय करतीया?" तुम्ही पाटावर बसल्या बसल्या म्हणालात, "माहेरची याद आलीया तिला."

खालचा बोल्ट सैल केला तसं तेल आलं, काळंकुट्ट, आणि चांगलंच गरम. घमेलं बरोबर खाली धरलं होतं, पण पहिली धार माझ्या कोपरापर्यंत आली आणि मी दचकून मान वळवली तर उरलेली कपाळावर. वरून तुमचा आवाज, "भाजलं का गं?" मी नाही म्हणाले. मग गिअरबॉक्सच्या तळाची पसरट झाकणी एकेक बोल्ट काढून उतरवली. आत बोटभर गाळ, त्यात लोखंडाची बारीक पूड, आणि तेल गाळायची जाळी तर पार बुजलेली. मला आनंद झाला. गिरणीत वडील म्हणायचे, घाण सापडली की समजायचं आजार सापडला. पण झाकणी काढताना तिच्या कडेचं कागदाचं पॅकिंग फाटून दोन तुकडे झालं. रविवार. दुकानं बंद. पॅकिंग नाही तर नवं तेल तासाभरात सगळं अंगणात.

मी खालून ते सांगितलं. तुम्ही काठी उचललीत आणि स्वतः शेजारी गेलात. काकूंच्या मालकांचा उद्यमनगरात ऑईल इंजिनांचा कारखाना, त्यांच्याकडून जाड पॅकिंगचा कागद घेऊन आलात. झाकणी त्यावर उपडी ठेवलीत, कडेनं हातोडीनं हलकं हलकं ठोकलंत, कागदावर भोकांचे ठसे उठले. मग शिवणाची कात्री घेऊन बसलात. "चोळीचा गळा बेतायचा तसंच हाय की," म्हणालात. तोवर मी जाळी रॉकेलनं धुतली. झाकणी पुसायला धागे सुटणारं फडकं नको होतं. तुम्ही आत गेलात आणि मामंजींचं एक मऊ धोतर आणून मधोमध फाडलंत. मी नको म्हणायच्या आत फाडलंत. "त्येंचीच गाडी हाय," एवढंच म्हणालात.

सगळं परत बसवून मी वर आले. नरसाळ्याला रबरी नळी जोडून पट्टीच्या भोकातून नवं तेल ओतायला लागलो. खरंच कुंकवासारखं लाल. तुम्ही बघत राहिलात आणि म्हणालात, "मटणाच्या रश्श्याला असली तर्री आली तर पंगत उठायची न्हाय." मग तुम्ही स्टिअरिंगवर बसलात, इंजिन चालू केलंत, गिअरची दांडी ओढलीत. गाडी हलली नाही. इंजिन घुमतंय, तुम्ही पाय दाबताय, आणि गाडी जागची ढिम्म. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि हात मांडीवर ठेवून बसलात.

"मिस्त्री म्हनला त्येच झालं," तुम्ही हळू आवाजात म्हणालात.

 मी भाकरी करपवली असती तर चाललं असतं, पण ही गाडी माझ्या हातून गेली असती तर त्या घरात मी कुठं तोंड दाखवणार होते? पट्टी काढून बघितली. कोरडी होती. मग माझ्या लक्षात आलं, की ओतलेलं सगळं तेल इंजिन फिरताच आतल्या पोकळीत ओढलं गेलं. खालच्या झाकणीत तेल उरलंच नाही, मग गिअरना जोर मिळणार कुठून? "आत्याबाई, बिघडली नाही. ती उपाशी आहे," मी म्हणाले आणि दुसरा डबा फोडला. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं ओतत गेले. पट्टीवर लाल रेघ दिसली तसं तुम्हाला म्हटलं, आता बघा. तुम्ही दांडी मागं टाकलीत. गाडीनं एक गचका दिला आणि चराच्या दोन्ही कडा सांभाळत सरळ रेषेत मागं गेली. तुम्ही इंजिन बंद केलं नाहीत. खिडकीतून तोंड बाहेर काढून म्हणालात, "बस आत."

"अशी? पायजम्यात?"

"मग काय शालू नेसतीस? बस."

तेवढ्यात भावजी व्यापाऱ्याला घेऊनच आले. तुम्ही त्यांना बसल्या जागेवरून म्हणालात, "या पावणं. घ्यायच्या आधी बसून तरी बघा." भावजींनी माझ्याकडं बघितलं, माझ्या कपाळाकडं बघितलं, आणि व्यापाऱ्यासकट मागं बसले. तुम्ही गाडी थेट पन्हाळ्याच्या घाटाला घातलीत. जिथं बैल जोडावे लागले होते तो चढ आला तेव्हा मी दाराची मूठ घट्ट धरली. तुम्ही पाय दाबलात. गिअर पडलेला कळलासुद्धा नाही. गाडी तो चढ गुणगुणत चढली. वर बुरुजाजवळ थांबून आपण चौघांनी चहा प्यायला. व्यापारी गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "मावशी, गाडी लई झकास हाय. ठरलं हुतं त्येच्यापेक्षा वाढवून देतो."

"आता कशाला इकू?" तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात. "इकायची हुती ती बिघडल्याली."

सगळ्यात आधी भावजीच हसले. गोदाम त्यांनी पुढं घरामागच्या परड्यात बांधलं आणि तो चर स्वतः बुजवून घेतला. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या केसांतलं तेल काही केल्या निघेना. तुम्ही मला न्हाणीघरात बसवलंत, बेसन चोळलंत, मग शिकेकाई, आणि गरम पाण्याचे तांबे ओतत राहिलात. एकदाही हात जड पडला नाही. नंतर केस पुसता पुसता म्हणालात, "उद्यापास्नं तू चालवाय शीक. मी शिकीवते." तुम्ही शिकवलंत, त्याच नदीकाठी. भाकरी मात्र तुम्हीही मला शेवटपर्यंत शिकवू शकला नाहीत. पुढं दर दोन-तीन वर्षांनी आपण दोघी ते तेल बदलत राहिलो, आणि तुमच्या आजारपणापर्यंत तुम्ही स्वतः शेताकडं जात राहिलात. उंबऱ्यात बसलेलं मी तुम्हाला कधी बघितलं नाही.

हे लिहून कुठं पाठवायचं, हा प्रश्नच नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवीन. फक्त एक गोष्ट सांगते, तुमच्या नातीला कळता कामा नये. मी भाजी आणायला जाते म्हणून गाडी घेऊन निघाले होते. मंडई केव्हाच मागं राहिली. मी पन्हाळ्याच्या घाटाच्या पायथ्याला गाडी उभी करून हे लिहितेय, आणि भाजीची पिशवी घरीच विसरलेय.