बाजूच्या खोलीतला रोहित

सँडीफोर्ड,
१८ ऑक्टोबर २०१९

प्रिय दिलीप,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या वृंदावहिनीचं आहे. माझं दिसलं असतं तर तू ते न उघडताच फाडलं असतंस, म्हणून पत्ता तिनेच लिहिला. गेल्या वर्षी फोन ठेवण्याआधी तू विचारलंस, ‘माझ्या पोराचं घर मोडून तुला काय मिळालं, देवा?’ जन्मभर लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या माणसाला तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. आज देतो. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागतो.

मला स्टेजवर ढकललंस तूच. नागपूरला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये निवेदकाला ऐनवेळी ताप भरला आणि तू माझ्या हातात माईक कोंबलास. पुढे मुंबईत चॅनेलवर ‘उत्तर तुमच्या घरी’ सुरू झालं, भाजीवाल्या मावशीसुद्धा मला नावाने हाक मारायला लागल्या. या धंद्यातलं खरं कसब बोलण्यात नाही, थांबण्यात आहे. उत्तर बरोबर की चूक हे सांगण्याआधी किती थांबायचं, तेवढंच मला येत होतं. २०१४ मध्ये शो बंद पडला आणि वृंदाच्या नोकरीच्या मागोमाग मी इथे परदेशात आलो. दोन वर्षं लुआस ट्रामने ये-जा करत एका कॉल सेंटरमध्ये लोकांच्या बिलांच्या तक्रारी ऐकल्या. मग एका छोट्या चॅनेलला बाहेरून आलेल्या लोकांसाठी क्विझ करायची होती. माझे मराठी वळणाचे इंग्रजी उच्चार त्यांना चक्क आवडले. पन्नाशीत पुन्हा दिव्यांसमोर उभा राहिलो, तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता.

तुझ्या रोहितने या क्विझचा अर्ज भरला तो बायकोच्या, ज्ञानदाच्या नावाने. गॉलवेहून आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा तो सांगायचा, ‘काका, हिचं जनरल नॉलेज बघा.’ ती हसायची, आणि हसण्याआधी त्याच्याकडे बघायची. वृंदाच्या ते लक्षात आलं होतं. मी म्हटलं, नवी आहे, लाजते.

आमच्या खेळात एक फेरी फोनची होती. अडलेल्या प्रश्नासाठी स्पर्धकाने घरच्यांना फोन करायचा, आपल्या भाषेत बोलायचं, आणि मी ते प्रेक्षकांना इंग्रजीत सांगायचं. दुसरी भाषा असली की दुभाषा यायचा, मराठीला मीच पुरे. तेवढ्या वेळापुरतं सोबत आलेल्या माणसाला बाजूच्या खोलीत बसवायचे, तिथे आवाज बंद असायचा आणि काच स्पर्धकाच्या पाठीमागे, खाणाखुणा होऊ नयेत म्हणून. रोहित तिथे बसला. ज्ञानदाने नागपूरला आईला फोन लावला. प्रश्न लिमरिक शहरातल्या नदीचा होता.

ती गोड हसत म्हणाली, ‘आई, रडू नकोस, मी प्रश्न विचारतेय असंच सगळ्यांना वाटू दे. हा मला मारतो. पासपोर्ट त्याने लपवलाय. फोनवर बोलते तेव्हा शेजारी बसून असतो. दादाला पाठव.’

तिच्या आईने, सुलेखावहिनींनी, विचारलं, ‘तिथे आपलं कुणी आहे का गं?’ ज्ञानदाने माझ्याकडे बघितलं. ‘समोर काका उभे आहेत,’ ती म्हणाली. ‘त्यांना सगळं कळतंय. पण ते त्याच्या बाजूचे आहेत का, ते मला माहीत नाही.’

दिलीप, दीडशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. कानातल्या यंत्रात निर्माती ऑर्ला विचारत होती, ‘देव, काय बोलतायत? वेळ संपला.’ समोरच्या काचेपलीकडे रोहित मला अंगठा दाखवत होता. मी हसलो आणि इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडच्या आया आधी जेवलीस का विचारतात, नदीबिदी नंतर. प्रेक्षक हसले. घड्याळ थांबवायची खूण केली आणि मराठीत ज्ञानदाला म्हटलं, ‘बोल बाळा. मी तुझ्या बाजूचा आहे.’ तेव्हा तिने आईला आपला पत्ता सांगितला. लग्नाला तीन वर्षं होऊनही तो तिच्या माहेरी माहीत नव्हता.

मध्यंतरात मी ऑर्लाला सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, ‘युअर मॅनला (इथल्या बोलीत ‘त्या बुवाला’) किती वेळ अडकवशील?’ ज्ञानदाला मागच्या दाराने काढून ती स्वतः तिला पोलिसांकडे घेऊन गेली. आणि मी बाजूच्या खोलीत रोहितशेजारी जाऊन बसलो. दिव्यांचा घोळ झालाय म्हणालो. वेळ काढायचा होता, म्हणून तुझ्या गोष्टी सांगितल्या. तू वॉर्डनची सायकल झाडावर टांगलीस ती, रोहितच्या जन्माच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडलास ती. तो खूप हसला. ‘बाबा असे होते?’ म्हणाला. त्याचे डोळे अगदी तुझ्यासारखे आहेत. त्या हसऱ्या पोराला मी लहानपणी खांद्यावर घेतलं होतं, आणि त्याच्याजवळ बसून मी मनात घोकत होतो की गाडी एव्हाना लांब गेली असेल.

मग तो उठला. ‘ज्ञानदा कुठंय?’ मी उठून दाराशी उभा राहिलो. त्याने माझ्याकडे असं बघितलं, की ज्ञानदा रोज काय बघत असेल ते मला एका क्षणात कळलं.

तो भाग दाखवलाच नाही. मी नियम मोडून स्पर्धकाला मदत केली एवढंच चॅनेलने जाहीर केलं, आणि माझी जागा दुसऱ्याला दिली. खरं सांगितलं असतं तर ती कुठे आहे याचा माग निघाला असता. म्हणून इथले मराठी लोक मला लबाड म्हणाले तेव्हा मी ऐकून घेतलं. तू म्हणालास तेव्हाही. ते मात्र जड गेलं. आता ती किलकेनीला असते, हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. काल तिने स्वतः फोन करून सांगितलं, ‘काका, आता कुणालाही सांगा.’

पुढच्या महिन्यात गॉलवेच्या कोर्टात रोहितवरचा खटला उभा राहतोय, आणि त्याच्या विरुद्धचा साक्षीदार मी आहे. ते रेकॉर्डिंग लावतील, आणि तिचं एकेक वाक्य मला इंग्रजीत सांगावं लागेल. या वेळी मी खरं तेच सांगणार आहे. तू मला अडवू नयेस म्हणून हे पत्र कुरिअरने अगदी आयत्या वेळी येईल असं धाडायचा विचार होता, पण तसं केलं नाही. वृंदाची मैत्रीण आज रात्री नागपूरला निघतेय, ती उद्या तुझ्या हातात देईल. व्हिसा कर, तिकीट काढ. कितीही झालं तरी तो तुझा मुलगा आहे. कोर्टातून बाहेर पडेल तेव्हा त्याला शेजारी आपलं माणूस लागेल, आणि ते मला होता येणार नाही.

तरीही तुझाच,
देवदत्त