अँटेना, जावई आणि कलम पाच

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बोट चालवणे, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही दबावाखाली न येता माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "आजपुरतं आहे," असे बायको म्हणाली, ते दाखल्यात नाही.

१. राहते घर, भांडीकुंडी आणि घरातला शेवटचा शब्द बायकोला द्यावा. शब्द आधीपासून तिच्याकडेच आहे, आता कायदेशीर होईल.

२. शेजारच्या बोटवाल्याने माझी पकड नऊ वर्षांपूर्वी "पाच मिनिटांत आणतो" म्हणून नेली. ती त्यालाच द्यावी.

३. बोट विकावी, फोडावी, कुणालाही द्यावी, पण जावयाला देऊ नये. जावई वायरमन आहे. सहा वर्षांपूर्वी त्याने बोटीची अँटेना बदलली आणि डोलकाठीच्या टोकापासून केबिनमधल्या रेडिओपर्यंत नवी वायर ओढली. त्याच महिन्यात भर समुद्रात इंजिन बंद पडले. दोन तास मी रेडिओवर बोंबललो, कुणी ओ देईना. शेवटी अंगातला शर्ट काढून हलवला, तेव्हा कुठे एका बोटीने ओढून आणले. धक्क्यावर चार लोकांदेखत मी जावयाला म्हणालो, "तुझ्या हातात अक्कल असती तर मी असा उघडा आलो नसतो!" तो म्हणाला, "बाबा, मी वायर तपासूनच दिली होती." मी म्हणालो, "माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही." त्याने टाकले नाही. मुलीनेही टाकले नाही. तिला मी काही बोललो नव्हतो.

४. कलम तीन लिहून चार दिवस झाले. बोट कुणालाही जावो, धड स्थितीत जावी म्हणून मी नवी अँटेना आणली आणि जुनी वायर ओढून काढायला बसलो. ती मध्येच अडकली. या शहाण्याने काय उद्योग करून ठेवलाय ते बघू, म्हणून केबिनची फळी काढली. वायर एकसंध. वीतवीत अंतरावर बांधलेली, कोपऱ्यावर ऐसपैस वळण दिलेले. नाव ठेवायला जागा नाही. आणि तिच्या बरोबर मधून एक पितळी स्क्रू आरपार गेलेला.

स्क्रू माझा. रेनकोट अडकवायला आकडा हवा म्हणून जावयाच्या कामानंतर आठवड्याभरात मीच तो पिळला होता. आकडा अजून भक्कम आहे.

मला लाज वाटली. हे वाक्य वकिलांनी गाळायला सांगितले. गाळू नये.

५. सबब कलम तीन रद्द. बोट जावयाला द्यावी. चूक माझी होती, त्याची नव्हती. चार लोकांदेखत बोललो तेही चुकले. हे त्याला मी मेल्यावर वाचून दाखवावे, म्हणजे त्याला उलट बोलता येणार नाही.

बायकोने हे वाचले. "अहो, मेल्यावर माफी मागणार? तोंड काय भाड्याने दिलंय?" म्हणाली आणि सरळ जावयाला फोन लावला.

६. आज सह्यांच्या वेळी जावई आला. मुलगी दाराबाहेरच थांबली. वकील म्हणाले, "काका, ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही." शेजाऱ्याला सही करायची भारी हौस. त्याने धावत जाऊन पकड आणून टेबलावर ठेवली, तीही गंजलेली. कलम दोन रद्द.

दुसरा साक्षीदार मिळेना. जावई म्हणाला, "मी होतो."

"मग बोट तुम्हाला मिळणार नाही. तुमच्या बायकोलाही नाही," वकील म्हणाले. "शिवाय साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते."

"बोट राहू द्या. मजकुराची गरज मला आहे. कलम पाच बाबांच्या तोंडून ऐकायचंय."

म्हणून कलम पाचमधली बोट खोडली, बाकी मजकूर कायम. बोट नातीला द्यावी. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा ती चार वर्षांची होती. आता दहा.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. तारीख बावीस, सकाळी अकरा.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार १: शेजारचा बोटवाला. पकड परत केली आहे.

साक्षीदार २: जावई, वायरमन. कलम पाच समक्ष ऐकले. पहिल्यांदा बाबा फार हळू वाचत होते, म्हणून दाराबाहेर ऐकू जाईल असे पुन्हा वाचायला लावले. त्यांनी वाचले. निम्मे वाचून होईपर्यंत माझी बायको आत आली.