जिल्ह्याबाहेरचं लग्न

॥ श्री ॥

सावदा,
ता. २ फेब्रुवारी १९८८

चि. शालिक यास अक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या दाजींचा गुडघा थंडीत धरतो, पण बागेत चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. यंदा थंडी लांबली, त्यामुळे केळीचे घड भरायला वेळ लागतोय. सुमनला म्हणावं, लोणच्याची बरणी पोचली की नाही एवढं तरी कळवत जा. तुमच्या बंगल्यावर पार्टीची इतकी माणसं येतात की बरणी कोणाच्या हाती लागली देव जाणे.

मुख्य बातमी अशी की आपल्या लताचं लग्न ठरलं. सव्वीस तारखेला आहे. पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि मग तुला लिहायला बसले. छापील पत्रिका मात्र या पत्रासोबत मुद्दामच घातली नाही. ती वाचून तू पत्र बाजूला ठेवशील अशी मला भीती वाटते. जिल्हाध्यक्ष झाल्यापासून तुला अर्धं ऐकायची सवय लागली आहे, म्हणून आधी माझं पुरतं ऐकून घे.

सत्त्याहत्तर साली निवडणुकीनंतर सावद्याच्या बाजारात तुझी सभा झाली होती. लता तेव्हा फ्रॉक घालायची. तू तिला खांद्यावर घेऊन आलास आणि भाषण संपेपर्यंत खाली उतरवलं नाहीस. ती तुझे केस ओढत होती आणि तू बोलत होतास. 'माणसाला त्याच्या गावात मोकळं फिरू न देणारं राज्य ते कसलं राज्य,' असं म्हणालास तेव्हा मी रडले होते. कारण त्याच्या आदल्या वर्षी, आणीबाणीत, तू आमच्या केळीच्या बागेत लपला होतास. भर दुपारी गवताच्या भाऱ्यात भाकरी घालून मी तुझ्याकडे यायचे. फौजदार बांधावर उभा राहून विचारायचा, "बाई, भाऊ कुठाय?" मी म्हणायचे, "माझ्या भावाला शोधायला तुम्हाला सरकार पगार देतं, मला देतं का?" तू आत पानांखाली हे ऐकून हसू दाबायचास. तुझ्याऐवजी तुझ्या दाजींना त्यांनी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, ते मात्र आपण कोणी हसण्यावारी नेलं नाही.

त्या सभेत पुढच्या रांगेत कमलबाईचा मुलगा बसला होता. तेव्हा शाळेत होता. तो सांगतो की त्या दिवशी ऐकलेलं त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. तुझं ते भाषण त्याला अजून तोंडपाठ आहे. शालिक, आपला जावई तोच आहे. चुडामण.

आता पत्र खाली ठेवू नकोस.

भाऊबीजेला तू आला होतास. फराळाला बसलास आणि तुझ्या दाजींना मोठ्या खुशीत सांगितलंस की केळीच्या गाड्या अडवणाऱ्याचा बंदोबस्त केला, प्रांतसाहेबांकडे एक शब्द टाकला आणि पोरगा दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर गेला. लता तेव्हा चकल्यांची ताटली घेऊन तुझ्यासमोर उभी होती. ताटली खाली ठेवून ती आत निघून गेली. "पोरगी मोठी झाली, लाजते," असं तू म्हणालास. माझ्या हातात ओवाळायचं ताट होतं, भावाला ओवाळताना भांडायचं कसं?

घड कापणाऱ्या आणि गाड्या भरणाऱ्या मजुरांना घेऊन चुडामणने संप केला, ऐन हंगामात गाड्या थांबवल्या, हे खरं आहे. आमचाही माल बांधावर पिकून गेला. तुझ्या दाजींनी त्याला दारात उभं करून शिव्या दिल्या, आणि त्याने खाली मान घालून ऐकून घेतल्या. पण शिव्या देणं वेगळं आणि माणसाला त्याच्या आईपासून तोडणं वेगळं. शिवाय मला माहीत आहे, तुला गाड्या टोचल्या नव्हत्या. तुझ्या सभेत तो उभा राहिला आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही तेच ना, सत्त्याहत्तरचे?" लोक हसले. तूही हसलास, पण तुझं हसू मी लहानपणापासून ओळखते.

तडीपारीच्या हुकुमात लिहिलंय की साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे यायला तयार नाहीत. कोण रे हे साक्षीदार? त्यांना नावं का नाहीत? सावद्यात चुडामणला कोण घाबरतं? त्याच्या हातात चहाची बशी धड राहत नाही, आमच्या दोन चादरींवर त्याचे डाग आहेत.

तर छापील पत्रिका न घालण्याचं कारण हे. पत्रिकेवर लग्नाचं ठिकाण धुळे आहे. मुलीच्या दारी मांडव घालायचा आपला रिवाज, पण नवऱ्या मुलाला सावद्याच्या वेशीत पाय ठेवता येत नाही. हुकुमात धुळ्याचं नाव नाही, एवढं आमचं नशीब. तिथं तो सरकीच्या दुकानात कामाला आहे. शेवंताबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांच्या खोलीत भाड्याने राहतो. त्यांच्याच अंगणात लग्न लावणार.

मामाशिवाय मुलगी बोहल्यावर जात नाही, हे तुला सांगायला नको. हे पत्र लिहायला बसले तेव्हा तुझे दाजी म्हणाले, "त्याले म्हना, मामा म्हनून ये, पुढारी म्हनून नको येऊ." तेवढंच लिहिते. पिवळी साडी घेऊन तू एकटा ये.

तुझी वाट पाहणारी,
अक्का


॥ श्री ॥

सावदा,
ता. ६ एप्रिल १९८८

चि. शालिक यास अक्काचा आशीर्वाद.

तुझ्याकडून पत्र आलं नाही म्हणून मीच लिहिते. आम्ही सगळे ठीक. ऊन आत्ताच डोळ्यांवर येतंय, केळीला पाणी पुरत नाही. लता धुळ्याला रुळली. तिथलं बोलणं शिकली, परवा मला म्हणाली, "माय, बठ्ठं ठीक शे." सगळं ठीक आहे म्हणे. मी म्हटलं, महिनाभरात सावद्याचं बोलणं विसरलीस का?

लग्नाच्या आठवड्यात तुझा माणूस जीप घेऊन आला होता, त्याचं तुला सांगायचं राहिलंय. दोन दिवसांची परवानगी मिळवली आहे, मुलाला सावद्याला आणा, थाटात लग्न करा, फक्त मांडवात दोन पोलीस बसतील, असा निरोप होता. खरं सांगू? मी हो म्हणणार होते. आचारी ठरलेला होता, सगळे नातेवाईक इथले, मुलीचं लग्न आपल्या दारात व्हावं असं कोणत्या आईला वाटत नाही? आणि माझ्या भावाला पाझर फुटला याचाही आनंद होता. तुझ्या दाजींचीही ना नव्हती.

लता स्वयंपाकघरातून बाहेर आली. पिठाचे हात तसेच होते. तुझ्या माणसाला म्हणाली, "मामांना सांगा, तडीपारी उठवत असाल तर उठवा. दोन दिवस ते माझ्या नवऱ्याला त्याच्या गावात सोडणार आणि तिसऱ्या दिवशी हाकलणार, असं लग्न मला नको. घरी येणं ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही." तुझा माणूस माझ्याकडे पाहत राहिला. मी तिच्याकडे पाहत होते. शालिक, सभेत तू जसा मान वर करून बोलायचास, तशीच ती उभी होती.

मग आम्ही धुळ्याला निघालो. एक बस केली होती. कमलबाई उंबऱ्यावरचं तांदळाचं माप मांडीवर घेऊन बसली होती. घराचा उंबरा नेता येत नाही, म्हणून माप तेवढं घेतलं असं म्हणाली आणि सगळ्या बायका गाणी म्हणायच्या थांबल्या. थोड्या वेळाने तिनेच पुन्हा सुरू केलं.

जळगावला मी ड्रायव्हरला तुझ्या गल्लीत गाडी घ्यायला लावली. बस तुझ्या फाटकासमोर उभी राहिली. मी उतरले नाही, तुझ्या नावाने हाकही मारली नाही. म्हटलं, वऱ्हाड दारात उभं आहे, आतल्या माणसाला कळतंय. तुझी जीप अंगणात होती. वरच्या खिडकीचा पडदा हलला असं मला वाटलं, कदाचित सुमन असेल. मग तुझा ड्रायव्हर पिवळी साडी घेऊन बाहेर आला. म्हणाला, साहेब मीटिंगला आहेत. मी साडी घेतली. बसमध्ये कोणी तुला नावं ठेवली नाहीत, ते आमच्या लोकांचं भलेपण समज.

वाटलं होतं लता ती साडी फेकून देईल. तिने ती नेसली. "मामावर माझा राग नाही, माझा राग जिल्हाध्यक्षांवर आहे," असं म्हणाली, आणि पदर नीट करून घेतला. साडी तिला छान दिसली. रंग तू निवडलास की सुमनने?

मुहूर्त झाला. अंतरपाट धरला. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला आणावं." मी दाराकडे पाहिलं. खोटं का बोलू, सगळ्यांनीच पाहिलं. भटजी घाई करायला लागले तेव्हा अंतरपाटापलीकडून चुडामणच म्हणाला, "थांबा थोडं. मामा येतील." ज्याला तू जिल्ह्याबाहेर काढलंस, त्याने तुझ्यासाठी मुहूर्त थांबवला. मी पदर तोंडात धरला. त्याचा अजून तुझ्यावर विश्वास आहे.

तू आला नाहीस. शेवटी शेवंताबाई हात पुसत पुढे आली. "मामा नही ना, मी उभी राहस. पोर काय एकली जाई का?" असं म्हणून तिने लताचा हात धरला. ना नात्याची, ना गावाची. तुझ्या जागी ती उभी राहिली.

माझा राग आता शांत झालाय, त्यामुळे हे रागात लिहीत नाही. तू वाईट माणूस नाहीस हे मला माहीत आहे. दाजी आजारी पडले तेव्हा तू धावत आलास, लताची कॉलेजची व्यवस्था तूच लावलीस. पण एक शब्द टाकून माणसाला हलवता येतं हे तुला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून तू आमच्या बागेतला शालिक राहिला नाहीस. तेव्हा कोणीतरी असाच शब्द टाकला होता म्हणून तू पानांखाली बसला होतास. पार्टी बदललीस, त्याचं मला काही नाही. माणसं घरही बदलतात. पण तेव्हा ज्यांच्या भीतीने लपलास, त्यांचंच काम तू आता करतोस, आणि ते तुला कळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता आखाजी जवळ आली, अक्षय्य तृतीया याच महिन्यात आहे. आई-बाबा गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तुझं घर. दरवर्षी तू मला न्यायला जीप पाठवतोस, मीही चार दिवस झोके घेऊन, सुमनच्या हातचं खाऊन येते. यंदा मला न्यायला मुराळी पाठवू नकोस. माझ्या लेकीला आखाजीला माहेरी यायचं तर नवऱ्याला सोडून यावं लागतं, म्हणून आम्हीच धुळ्याला जाणार आहोत. चुडामणला सावद्यात येता येईल तोवर मीही तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. त्याची दोन वर्षं तीच माझी दोन वर्षं. हा हुकूम कोणी काढला नाही, माझा मीच काढला, आणि तो कसा उठवायचा ते तुला ठाऊक आहे.

तुझं घर मला तोडायचं नाही. तू इकडे कधीही ये, त्याला परवानगी लागत नाही. तुझ्यासाठी केळीची भाजी आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी नेहमीसारखी होईल.

आणि एक. त्या हुकुमातले साक्षीदार भीतीने नाव देत नाहीत म्हणतात. मी देते. चुडामणने सावद्यात कोणाला घाबरवलं नाही, हे मी पाहिलं आहे. आणि एक माणूस आमच्या बागेत लपून मोकळं राज्य मागत होता, तेही मीच पाहिलं आहे. दोन्हींची साक्ष जिथं सांगशील तिथं, सगळ्यांदेखत देईन. नाव लिहून घे.

कुंदाबाई पितांबर फिरके,
राहणार सावदा,
तुझी सख्खी बहीण