पान दहावरील सद्गृहस्थ

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम आणि अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. थंडीमुळे गुडघा कुरकुरतो; परंतु तो मुळातच कुरकुऱ्या स्वभावाचा आहे, त्याचे मनावर घेत नाही. सौ. भावजयीचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो.

येथील मिशनच्या मोफत भोजनगृहाच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष या नात्याने तू लिहिलेला वार्षिक अहवाल मिळाला. तो सर्वच जुन्या सभासदांना पाठविला जातो, तसा मलाही आला. दोनदा वाचला. भाषेच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. त्याचे थोडे श्रेय, लहानपणी तुझ्या निबंधांवर मी सांडलेल्या तांबड्या शाईला द्यावेस. परंतु वाक्य शुद्ध असले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात घालविल्यावर एवढे तरी मला कळते. त्या दूरच्या शहरात बसून, एका निरीक्षकाच्या टिपणांवरून तू जे लिहिले आहेस, त्यात काही दुरुस्त्या आवश्यक आहेत. त्या पानावार कळवितो.

पान सात. "मंडळाच्या सूचनेवरून संचालिकेने कार्यालयाची खोली भाड्याने दिली," असे तू म्हणतोस. मंडळाची सूचना येऊन पोहोचली तेव्हा त्या खोलीत शिंप्याचे यंत्र कित्येक आठवडे खडखडत होते. गावाबाहेरचा कारखाना बंद झाला, बाजारभाव चढले, आणि देणगीदारांची पत्रे "यंदा क्षमा असावी" या एकाच वाक्याची येऊ लागली, तेव्हाच सिस्टरनी आपले टेबल उचलून जिन्याखाली नेले. जेथे पूर्वी बादल्या आणि झाडू असत, तेथे. (संचालिकाबाईंना सर्व जण सिस्टर म्हणतात. त्या नन नाहीत. मिशनच्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या, तेव्हापासूनचे ते संबोधन आहे. अहवालात तू त्यांना "भगिनी" केले आहेस. ते काढून टाकावे.) त्या टेबलाशी बसलेल्या माणसाने एकदम उठू नये. पाळकसाहेब एकदा उठले आणि त्यांच्या कपाळाला टेंगूळ आले.

"पाळकसाहेब, संस्था लहान झाली की माणसाला जरा वाकावं लागतं," असे म्हणत सिस्टरनी ओला फडका त्यांच्या कपाळावर दाबला.

"हे आधी सांगायचं होतं, बाई."

"प्रवचनात तुम्हीच सांगता की दर रविवारी!"

पान आठ. "वाहन विकल्यानंतरही चालकास अकारण वेतन दिले जात आहे." यातील "अकारण" हा शब्द खोडावा. वाहन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो चालक स्वयंपाकघरात आहे. पहिल्या दिवशी भल्या मोठ्या पातेल्यातला डाव हातात घेऊन त्याने विचारले, "सिस्टर, याचा रिव्हर्स कुठंय?" त्यावर आचारी म्हणाला, "याला एकच गिअर आहे, बाबा. आणि ब्रेक लावायला विसरलास तर करपतं." आज तोच चालक दुपारचे सूप एकट्याने रांधतो. शिवाय संध्याकाळी बाजार उठण्याच्या सुमारास सिस्टर ढकलगाडी घेऊन निघतात, तेव्हा गाडी तोच ढकलतो. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदाराकडे त्या दान मागत नाहीत. त्या विचारतात, "शटर ओढताना काय टाकून देणार आहात?" दान मागितले की माणूस खिसा चाचपतो, हा प्रश्न विचारला की तो टोपल्या चाचपू लागतो. भाजीवाल्याने त्या दिवशी मऊ पडलेले टोमॅटो काढता काढता दोन कडक टोमॅटोही त्यात टाकले, आणि कोणी पाहिले नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिले. सिस्टरनी पाहिले होते. पण त्या तेवढ्यात पदराला लागलेला चिखल झटकू लागल्या. दुसऱ्याचा चांगुलपणाही पकडायचा नसतो, हे त्यांना कोणी शिकविले असेल, याचा मी अद्याप विचार करतो.

पान नऊ. "कर्मचारी आणि लाभार्थी यांना एकाच टेबलावर बसविल्याने शिस्तीची हानी झाली." घडले ते असे. कर्मचाऱ्यांची जेवणाची खोलीही भाड्याने द्यावी लागली. मग त्यांनी बसावे कोठे? भोजनगृहातल्या लांब टेबलाशी. प्रारंभी ती गैरसोय होती. पुढे सिस्टरनी तिचाच नियम केला: जो येईल तो बसेल, आणि जो बसेल तो काही तरी करील. कोणी पाव कापतो, कोणी टेबल पुसतो, कोणी वाट्या विसळतो. परिणाम असा की, दारातून पाहणाऱ्याला जेवू घालणारा कोण आणि जेवणारा कोण, हे मुळीच ओळखता येत नाही. मी प्रथम गेलो तेव्हा ज्या भारदस्त गृहस्थांना विश्वस्त समजून उठून नमस्कार केला, ते काम सुटलेले गवंडी निघाले. आणि ज्या विस्कटलेल्या माणसापुढे दयेने पाव सरकविला, तो संस्थेचा हिशेबनीस होता. त्याने तो खाल्लाही.

जेवणापूर्वीची प्रार्थना बहुधा आचारीच करतो, कारण त्याची प्रार्थना सर्वांत आखूड असते. सूप निवलेले त्याला खपत नाही. देवालाही खपत नसावे, असे त्याचे मत आहे.

आता पान दहा. हे लिहिण्यास मी इतका वेळ का लावला, ते तुझ्या ध्यानात येईलच. तुझा मजकूर जसाच्या तसा देतो: "करड्या रंगाचा कोट आणि पॉलिश केलेले बूट घातलेले, सुस्थितीतील एक सद्गृहस्थ मे महिन्यापासून दररोज भोजनगृहात विनामूल्य जेवताना आढळले. संचालिकेने त्यांची चौकशी केली नाही. यावरून गैरवापर सिद्ध होतो." आणि या तीन वाक्यांच्या आधारावर तू दोन शिफारशी केल्या आहेस: भोजनगृहाच्या दाराशी प्रत्येकाकडून गरजेचा पुरावा घ्यावा, आणि सिस्टरना पदमुक्त करावे. येत्या बैठकीत त्यावर मतदान आहे.

छापखाना बंद झाल्याचे मी तुला कळविले होते. छापखान्याबरोबर आमचा भविष्यनिर्वाह निधीही गेला, आणि उरलेसुरले ज्या पतसंस्थेत ठेवले होते तिच्या दाराला त्याच सुमारास कुलूप लागले, हे कळविले नव्हते. तू फोनवर नेहमी विचारतोस, "दादा, जेवलास का?" मी म्हणतो, "जेवलो." ते उत्तर खोटे नव्हते, एक वेळ सोडून, जिची तारीख खाली दिली आहे. कोठे जेवलास, हे तू कधी विचारले नाहीस, म्हणून मी सांगितले नाही.

तो कोट तू ओळखायला हवा होतास. तुझ्या लग्नासाठी तूच तो मला शिवून दिला होतास. त्याचे अस्तर यंदा बदलले. भोजनगृहाशेजारच्या शिंप्याने, मी त्याच्या पाटीवरील मजकूर नीट करून दिला त्याबद्दल. बुटांचे म्हणशील, तर पॉलिशची डबी अजून पुरते आहे.

तेथे मी मागण्यासाठी गेलो नव्हतो. मिशनच्या फाटकावरील फलकात संस्थेच्या स्थापनेची तारीख चुकलेली होती. सुवर्णमहोत्सवाची पुस्तिका मीच तपासली होती, तेव्हा खरी तारीख मला पाठ होती. ती सांगण्यासाठी आत गेलो, असे मी स्वतःला बजावले. सुपाचा वास मात्र मला तारखेच्या आधी आला होता. सिस्टर पाव कापीत होत्या. "बसा काका, जेवता जेवता सांगा. माझी दुपार अशीच जाते," त्या म्हणाल्या. मी सांगितले. निघताना त्यांनी संस्थेच्या नव्या इतिहासाचे हस्तलिखित हाती दिले. "यातल्याही तारखा बघाल का? उद्या याच वेळी या."

तारखा पुष्कळ चुकल्या होत्या. दररोज थोड्या दुरुस्त करीत गेलो. परंतु कोणतेही हस्तलिखित केव्हा ना केव्हा संपते. शेवटचे पान तपासून दिले त्या दिवशी घरी येताना मी मनाशी म्हटले, आता उद्या कोणत्या निमित्ताने जावे? पण माझे काही त्या वाटीत विसरले होते की काय कोणास ठाऊक, पाय दुसऱ्या दिवशीही त्याच फाटकाशी थांबले. सिस्टरनी पहिले पान पुन्हा माझ्यापुढे ठेवले. स्थापनेची तारीख चुकलेली. जी मी अगदी पहिल्या दिवशी सांगितली होती, तीच.

"सिस्टर, ही तर बरोबर झाली होती."

"झाली होती का? माझं डोकं बघा, काका. नव्यानं उतरवताना घोटाळा झाला. आता परत सगळंच बघावं लागणार तुम्हाला."

त्यांनी मान वर केली नाही. त्या पाव कापीत राहिल्या, आणि चालकाने माझ्यापुढे वाटी ठेवली. त्या दिवशी मला कळले, की त्यांना कळले आहे. मी खूण केली, समासात खरी तारीख लिहिली, आणि जेवलो. ते हस्तलिखित आता मी तिसऱ्यांदा तपासत आहे. दर खेपेस चुका नव्या ठिकाणी असतात. एवढ्या कामाच्या रगाड्यात त्या त्यांना सुचतात केव्हा, हे देव जाणे.

तेव्हा, "संचालिकेने त्यांची चौकशी केली नाही," हे तुझे वाक्य बरोबर आहे. ते तसेच राहू दे. हवे तर जाड ठशात छाप.

तुझा निरीक्षक आला तेव्हा मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्याने माझ्याकडे बोट करून विचारले, "हे कोण?"

"आमच्याकडे जेवतात," सिस्टर म्हणाल्या.

"तेच विचारतोय. का जेवतात?"

"दुपार झाली म्हणून."

चालक इतका हसला की डाव पातेल्यात पडला. निरीक्षक मात्र चिडला. पुरावा का मागत नाही, असे त्याने विचारले. तेव्हा सिस्टरनी सुरी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितले, "साहेब, पुरावा मागितला तर ज्यांना लाज आहे ते येणार नाहीत, आणि ज्यांना नाही ते दोन-दोन पुरावे घेऊन येतील." हे त्याने टिपून घेतले नसावे. तुझ्या अहवालात आढळत नाही. त्याने दोन वाट्या सूप घेतले, हेही आढळत नाही. त्याचीही चौकशी कोणी केली नव्हती.

अध्यक्षांचा भाऊ येथे उपाशीपोटी येतो, एवढे एक वाक्य त्यांनी उच्चारले असते, तर त्यांच्या पदाला धक्का लागला नसता. आपले नाते त्यांना ठाऊक आहे. आपल्या दोघांचे नाक एकच आहे. त्या बोलल्या नाहीत. आजही त्यांना या पत्राची कल्पना नाही. म्हणून ते वाक्य मी लिहीत आहे.

तू हे दुष्टपणाने लिहिलेस असे मी मानीत नाही. तुझ्या रंगाच्या दुकानाच्या दोन शटरांपैकी एक मार्चपासून उघडत नाही, असे भावजयीने मला कळविले, तू नव्हे. मी "सर्व कुशल" लिहितो, तू "धंदा ठीक" लिहितोस. एकाच आईचे दोघे! ज्याच्या स्वतःच्या पायाखालची जमीन हलते, तो दुसऱ्याच्या दाराला कडी लावू पाहतो. सिस्टरच्या पायाखालची तर केव्हाच हलली होती. त्यांनी टेबल लांब केले. मंडळाला असा माणूस पुन्हा मिळणार नाही, हे मी भाऊ म्हणून नव्हे, तर प्रत्येक शब्द तोलून लिहिणारा मुद्रितशोधक म्हणून लिहितो.

हे पत्र बैठकीत मोठ्याने वाचून दाखव. माझ्या लाजेची काळजी करू नकोस. ती माझी आहे, आणि तिला मी समजाविले आहे. मला पैसे पाठविण्याची घाईही करू नकोस. शटर ओढताना तुझ्या दुकानात काय उरते, ते मात्र कळव. भोजनगृहाच्या भिंतींना बरीच वर्षे रंग लागलेला नाही.

अहवालाच्या सुधारित प्रतीसाठी तारखांची दुरुस्ती:

पान ७. कार्यालयाची खोली भाड्याने दिली: २ मार्च नव्हे, १२ जानेवारी. २ मार्च ही मंडळाच्या पत्राची तारीख आहे.

पान ८. वाहन विकले: जूनमध्ये नव्हे, ६ फेब्रुवारीस. चालक स्वयंपाकघरात: ७ फेब्रुवारीपासून.

पान ९. सर्वांचे टेबल एक झाले: तू तारीख दिलेली नाहीस. १९ फेब्रुवारी. ही ठळक छापावी.

अहवालाबाहेरील. फोनवर "जेवलो" असे सांगितले: २२ एप्रिल. दुरुस्ती: जेवलो नव्हतो.

पान १०. सद्गृहस्थ जेवू लागले: मे महिन्यापासून नव्हे, २३ एप्रिलपासून. एप्रिलमधील दिवस संस्थेच्या बाजूने जमा धरावेत.

पान १४. मंडळाची बैठक: २१ नोव्हेंबर. तारीख बरोबर आहे. "सकाळी अकरा, सभागृह" याऐवजी "दुपारी साडेबारा, भोजनगृह" असे वाचावे. विश्वस्तांना पाव कापावे लागतील. माझ्या उजव्या हाताची जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो.

तुझा थोरला भाऊ,
पान दहा, ओळ चौथी